जरा कळ सोसा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, त्या शिक्षिका होत्या. मुलीने वर्गात प्रश्न विचारावा आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारावा, हा त्यांचा आग्रह असे, असं त्यांच्या विद्यार्थिनी आजही सांगतात. संयोजकांनी मला फोन करून विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला. पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘‘मॅडम, सभागृहात पुरुषही असतात.’’ मी म्हटलं, ‘‘असायलाच हवेत.’’

विषय असा आहे. तांबी बसवणं, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी काढणं, नळ्या उघड्या आहेत का हे पाहायला औषध सोडून एक्स-रे काढणं, पिशवीत दुर्बीण घालणं, क्युरेटिंग, बाळंतपणानंतरचे टाके. या सगळ्यांत बाईला ज्या वेदना होतात, त्यांतल्या बऱ्याचशा कमी करता येतात. तरीही आपण त्या कमी का करत नाही?

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं आयुष्य ऑपरेशन टेबलाच्या डोक्याच्या बाजूला बसून गेलं. सर्जनची नजर जखमेवर असते, आमची चेहऱ्यावर. भुवई आक्रसली, नाडी वाढली, डोळ्याच्या कडेला पाणी आलं, की आम्हाला कळतं. पण आज ज्या प्रक्रियांबद्दल बोलायचं आहे, तिथे आम्हाला बहुतेक वेळा बोलावतच नाहीत. ‘छोटंसं तर काम आहे’ म्हणतात. म्हणजे तिथे चेहऱ्याकडे बघायला कुणीच नसतं.

ही छोटी कामं जिथे करतात, त्या मायनर ओटीत एकदा माझ्याबरोबर चला. अरुंद खोली. मध्ये लोखंडी टेबल, त्यावर मेणकापड, दोन्ही बाजूंना पाय अडकवायचे खांब. दाराचा पडदा पुरता लागत नाही आणि बाहेर बाकावर पुढच्या चौघीजणी बसलेल्या आहेत. ‘‘खाली या. अजून खाली. अजून.’’ मावशी एक गुडघा धरून उभी राहते. योनी उघडी धरणारा स्पेक्युलम आत जातो, गार. मग पिशवीचं तोंड हलू नये म्हणून ते एका दातेरी चिमट्यानं पकडतात, त्याला वल्सेलम म्हणतात. पकडल्याबरोबर बाईची कंबर टेबलावरून उचलली जाते. ‘‘हलू नका. सैल सोडा. झालंच. जरा कळ सोसा.’’ त्यानंतर पिशवीची खोली मोजायची सळई आत जाते आणि ओटीपोटातून निघालेली कळ थेट मांड्यांत उतरते. कुणाला दरदरून घाम फुटतो, कुणाची नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी येते, उलटी होते. दहा मिनिटांनी ती भिंतीचा आधार घेत बाहेर येते. बाकावरच्या चौघी तिच्या चेहऱ्याकडे बघतात. त्यांतली एखादी हळूच उठून घरी निघून जाते.

प्रत्येकीला एवढंच दुखतं का? नाही, आणि हे मी स्पष्ट सांगते, कारण नको ती भीती घालायला मी आलेले नाही. काही बायकांना पाळीत दुखतं तितपतच दुखतं. काहींना तेवढंही नाही. तांबी हे चांगलं साधन आहे, मी ते माझ्या घरातल्या मुलींनाही सुचवलेलं आहे. पण जिचं नैसर्गिक बाळंतपण झालेलं नाही, जिला पाळीच मुळात फार दुखते, जिची पाळी गेल्यामुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक झाली आहे, जिच्या शरीरावर कधीकाळी जबरदस्ती झाली आहे, तिचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. आणि यांतली कोण टेबलावर आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिला मुद्दा हाच. ही वेदना खरी आहे, तिला शरीरात रस्ता आहे. पिशवीच्या तोंडाला संवेदनाच नसते, असं वैद्यकात बराच काळ मानलं गेलं. ते चूक आहे. पिशवीच्या तोंडाच्या आणि योनीच्या वरच्या भागाच्या संवेदना माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसांवाटे मेंदूकडे जातात. पिशवीचा वरचा, घुमटासारखा भाग मात्र पाठीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांशी जोडलेल्या नसांवाटे बोलतो. दोन भाग, दोन रस्ते. म्हणूनच चिमटा लागला की एक कळ येते आणि सळई आत टेकली की दुसरी. म्हणूनच एकाच गोळीनं दोन्ही थांबत नाहीत. हे शरीरशास्त्र पुस्तकात आहे, परीक्षेत विचारलं जातं, त्यावर गुण मिळतात. मग मायनर ओटीच्या दारात आपण ते का विसरतो?

दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीरोग ओपीडीत सिम्सचा स्पेक्युलम असतो. हा सिम्स कोण? जेम्स मॅरियन सिम्स, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी गावी राहणारा सर्जन. बाळंतपणात मूल अडून राहिल्यामुळे मूत्राशयाला भोक पडून सतत लघवी गळत राहते, त्या दुखण्यावर त्यानं शस्त्रक्रिया शोधली. जगातल्या असंख्य बायकांना तिचा उपयोग झाला, हे खरं. पण ती त्यानं कुणावर शोधली? १८४५ ते १८४९ या काळात गुलाम असलेल्या काळ्या स्त्रियांवर. त्यांच्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी, लूसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. भुलीशिवाय. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालेलं होतं, तरीही. या शस्त्रक्रिया भूल देण्याचा खटाटोप करावा इतक्या वेदनादायक नाहीत, असं पुढे सिम्सनं सांगितलं. कुणाच्या वेदनेबद्दल कोण बोलत होतं? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीत त्या तिघींचं शिल्प उभं राहिलं.

त्याच काळात एडिंबरामध्ये जेम्स यंग सिम्पसननं १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. लगेच ओरड झाली की वेदनेनं मूल जन्माला घालणं ही तर देवाचीच आज्ञा, तिच्यात ढवळाढवळ करणारा हा कोण? ती ओरड कधी खाली बसली? १८५३ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया राणीनं आपल्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला तेव्हा. जॉन स्नोनं तो दिला. कॉलरा पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये दाखवून देणारा स्नो तो हाच. राणीला दुखतं हे सगळ्यांना पटलं. अनार्काला दुखतं हे पटायला पावणेदोनशे वर्षं लागली. वेदना दोघींच्याही शरीरात होती.

आपल्याकडे हैदराबादला निजामाच्या पैशानं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं, १८८८ आणि १८८९ मध्ये. त्या काळात तिथे रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. त्या आमच्या पूर्वसूरी. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. आणि जागच्या जागी बधिर करणारं लिग्नोकेन, ज्याला सगळे झायलोकेन म्हणून ओळखतात, ते १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं, १९४८ पासून बाजारात आहे. तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळतं, शंभर रुपयांच्या आत बाटली येते. दात काढायला जा, डॉक्टर आधी हेच टोचतात. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी करतात, आधी हेच टोचतात. तिथे कुणी म्हणतं का, ‘‘दादा, जरा कळ सोसा’’?

मग बाईलाच का म्हणतात?

हा माझा तिसरा मुद्दा, आणि इथे मी जरा थांबणार आहे. उत्तर एक नाही. पहिली गोष्ट गर्दी आणि घाई. आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा भार बाईच्या अंगावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी केलेली होती; पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. एवढ्या बायकांची कामं शिबिरांत उरकायची, तर प्रत्येकीच्या वाट्याला किती मिनिटं येणार? बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ रोजी एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांची नसबंदी झाली. देविका बिस्वास यांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयानं तीन वर्षांत शिबिरं बंद करा असा आदेश दिला. त्यानंतरही, नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातल्या वीसहून अधिक स्त्रियांनी सांगितलं की आमची नसबंदी भूल न देता केली. हातपाय धरून ठेवले, तोंड दाबलं. ही बातमी मी वाचली त्या दिवशी मला थिएटरमध्ये जायचं होतं. माझ्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती, आणि मला त्या बायका दिसत राहिल्या.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. सोशिकपणा हा आपल्याकडे बाईचा दागिना मानतात. ‘माझी आई कधी हूं का चूं करायची नाही’ असं अभिमानानं सांगणारे आपण आहोत. मुलगी पहिल्यांदा पाळीत कळवळते, तेव्हा आजी म्हणते, ‘‘सगळ्यांनाच दुखतं.’’ तीच मुलगी मोठी होऊन टेबलावर चढते तेव्हा ओठ दाताखाली दाबते, आणि डॉक्टर समजतात की फारसं दुखत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तांबी बसवून घेणाऱ्यांना आणि बसवणाऱ्यांना, दोघांनाही वेदनेला शंभरपैकी गुण द्यायला सांगितले. बायकांची सरासरी ६५ च्या आसपास आली. बसवणाऱ्यांची ३५. हे लोक दुष्ट नव्हते. ते हत्याराकडे बघत होते.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलते. गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं लग्न झालेलं नसेल, तर कित्येक ठिकाणी तिच्या वेदनेकडे शिक्षा म्हणून बघितलं जातं. ‘‘तेव्हा नाही दुखलं का?’’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, एकदा नाही. सुरक्षित गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भनिरोधक निकामी ठरण्याच्या कलमातून ‘विवाहित’ ही अट काढून टाकली. कायद्यानं जो भेद पुसला, तो मायनर ओटीत आपण राखून ठेवायचा, हा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या सगळ्याची किंमत काय? फक्त दहा मिनिटांचं दुखणं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाला त्या आकड्यानं हादरा दिला. आज तपासणीच्या सोयी वाढल्या आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी असं सरकारचंही धोरण आहे. देशात या कर्करोगाचे २०२२ साली सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. वेळेत सापडला तर हा आजार थांबवता येतो. पण जिला पहिल्याच तपासणीत कुणी धसमुसळेपणानं हाताळलं, ती दुसऱ्यांदा येईल का? आशाताई चार वेळा दारात गेली तरी येईल का? ती स्वतः येत नाही, आणि सुनेलाही पाठवत नाही.

याचं दुसरं टोक बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याची प्रकरणं बाहेर आली, चौकशी समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे खाडा झाला की मुकादम लावत असलेला दंड होता, गरिबी होती, काही डॉक्टरांचा लोभ होता. पण अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून आलेल्या बाईचं म्हणणं शांतपणे ऐकून साधा उपचार करणारा माणूस वाटेत भेटला नाही, हेही होतंच. दुखणं ऐकायचं नाही, आणि मग अवयवच काढून टाकायचा.

आता उपायाकडे येते. तो अवघड आहे का? ऐका. काही गोष्टी सगळीकडे, आज, पैशाशिवाय होतात. पडदा नीट लावणं. स्पेक्युलम कोमट करणं, योग्य मापाचा घेणं. पुढे काय करणार ते आधी सांगणं. आणि ‘थांबा’ म्हटलं की हात थांबेल हे बाईला सांगणं, आणि खरोखर थांबवणं. गोड बोलून धीर देणं फार मोलाचं आहे. पण त्यालाच भूल समजायचं नाही.

पुढची पायरी औषधांची. तासभर आधी घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नंतरच्या मुरड्यांना आराम देतात. तांबी बसवतानाची कळ मात्र त्या फारशी कमी करत नाहीत. पिशवीचं तोंड मऊ करणारं मिसोप्रोस्टॉल सरसकट दिल्यानं तर वेदना कमी होतच नाही, उलट पोटात मुरडा वाढतो. खरा उपयोग होतो लिग्नोकेनचा. पिशवीच्या तोंडाभोवती ते टोचतात, त्याला पॅरासर्व्हायकल ब्लॉक म्हणतात. लांब, बारीक सुई घ्यायची, बाईला खोकायला सांगून हळूहळू औषध सोडायचं, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पाहायचं, वजनाप्रमाणे मात्रा ठेवायची, आणि तीन ते पाच मिनिटं थांबायचं. डॉक्टर नेमकी हीच मिनिटं गाळतात. टोचल्याबरोबर काम सुरू करतात आणि मग म्हणतात, ब्लॉकचा काही उपयोग नाही. या इंजेक्शननं पिशवीच्या घुमटाची कळ पूर्ण जात नाही, हेही बाईला खरंखरं सांगावं. जिला त्याहून जास्त हवं, जिची दुर्बीण किंवा क्युरेटिंग लांबणार आहे, जिला स्पर्शाचीच भीती आहे, तिला गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल. त्यासाठी उपाशी पोट हवं, मॉनिटर हवा, ऑक्सिजन हवा आणि आमच्यासारखं माणूस शेजारी हवं. तिथे घाई चालणार नाही. मी भुलीची वकिली करते आहे, बेफिकिरीची नाही.

आणि क्युरेटिंगबद्दल एक. धारदार क्युरेटनं पिशवी खरवडण्याची जुनी पद्धत सोडा, त्याजागी निर्वात नळीनं खेचून घेण्याची पद्धत वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर गर्भपाताच्या वेळी वेदनाशमन प्रत्येकीला न मागता द्यावं, असं म्हटलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं तांबी बसवण्याआधी वेदनेबद्दल प्रत्येकीशी बोला असं सांगितलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दवाखान्यातल्या अशा प्रक्रियांसाठी वेदनाशमनाचे पर्याय द्या असं जाहीर केलं. ब्रिटनमध्येही दुर्बिणीच्या तपासणीबाबत असंच झालं. या बदलामागे कोण होतं? टेबलावरून उठून जाहीरपणे बोलणाऱ्या बायका. त्यांना आधी ‘कांगावा करतात’ म्हटलं गेलं, मग त्यांचं ऐकलं गेलं.

माझे काही सहकारी म्हणतात, ‘‘आमच्याकडे भूलतज्ज्ञ नाही, रांग मोठी आहे, पाच मिनिटं कुठून आणू?’’ रांग मोठी आहे हे मी मान्य करते. ग्रामीण रुग्णालयात एकटी डॉक्टर काय काय सांभाळते ते मी पाहिलं आहे. पण ब्लॉकला भूलतज्ज्ञ लागत नाही, तो स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः देतात. आणि पहिलीला टोचून ती पाच मिनिटं दुसरीशी बोलण्यात घालवता येतात. वेळ काढला की निघतो. दात काढणाऱ्यांनी काढलाच ना?

माझं म्हणणं एवढंच आहे की वेदनाशमन मागायची वेळ बाईवर येऊ नये. ते आधी समोर ठेवलं जावं, तिला नको असेल तर तिनं नाकारावं. आज उलटं आहे. ती ओरडली तर देतात, तिनं सोसलं तर राहतं. आणि ओरडण्याची लाज तर आपणच तिला लहानपणापासून शिकवली आहे.

सभागृहात डॉक्टर बसले आहेत, मला चेहरे दिसताहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. सोमवारपासून मायनर ओटीच्या ट्रेमध्ये लिग्नोकेनची बाटली, लांब सुई आणि भिंतीवर एक घड्याळ ठेवा. संमतिपत्रात एक ओळ वाढवा: वेदना कमी करण्याचे पर्याय मला समजावून सांगितले, त्यांतला मी हा निवडला. इथल्या नगरसेवकांना आणि पंचायत समितीच्या सदस्यांना विनंती, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय काढा. या बाटलीचा खर्च कुठल्याही समितीला जड नाही. पुरुषांनो, बायकोबरोबर, बहिणीबरोबर, मुलीबरोबर दवाखान्यात जाता तेव्हा गाडी लावून बाहेर चहा प्यायला जाऊ नका. आत बसा, आणि तिला काय दुखतंय ते तिलाच सांगू द्या. आणि बहिणींनो, टेबलावर चढण्याआधी विचारा: ‘‘डॉक्टर, दुखू नये म्हणून तुम्ही काय देणार आहात?’’ उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा.